नव्वदच्या दशकातला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात टुकार मराठी सिनेमा कोणता?

तिसरी_घंटा

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाद पेटला आणि अर्धवट राहिला, म्हणून इथे आणतेय. आमचे एक साहेब म्हणाले, "१९९० ते ९९ मराठी सिनेमा मेलाच होता. २००४ ला 'श्वास' आला, तेव्हा कुठे परत श्वास घ्यायला लागला." (हा विनोद त्यांनी पहिल्यांदा केलेला नाही.) मला हे अजिबात पटत नाही. 'चौकट राजा' १९९१ चा, 'दोघी' आणि 'बनगरवाडी' १९९५ चे, 'तू तिथं मी' १९९८ चा. मेलेल्याला एवढी हालचाल जमत नाही.

माझं मत असं. सगळ्यात चांगला 'चौकट राजा'. दिलीप प्रभावळकरांचा नंदू बघताना हा माणूस अभिनय करतोय असं एकदाही मनात येत नाही, आणि 'एक झोका' लागलं की आजही हातातलं काम थांबतं. सगळ्यात टुकार 'माहेरची साडी'. सोसणं म्हणजेच बाईपण, हे त्या सिनेमानं एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात भरवलं. माझी आई तो टीव्हीवर लागला की अजून बघत बसते आणि मी उठून आतल्या खोलीत जाते.

नियम सोपे आहेत. एक चांगला, एक वाईट, आणि कारण द्यायचं. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा आहे, तो आणू नका. दरवेळी कुणीतरी आणतंच.

तात्या_विंचूचा_भाचा

झपाटलेला. १९९३. विषय संपला. ओम फट् स्वाहा.

वाईट: 'एक होता विदूषक'. लक्ष्या आहे आणि हसू येत नाही, ह्याला काय अर्थ आहे? लहानपणी बाबांनी कौतुकानं नेलं होतं, मी इंटरव्हललाच झोपलो. अवॉर्डवाले लोक आता येऊन मला शिव्या घालतील. घाला.

पिंपळपार

शिव्या नाही घालत, पण 'झपाटलेला'चा बाहुला कुठून आला ते सांगून ठेवतो. १९८८ चा अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले' बघा, बाहुल्यात शिरणारा खुनी तिथलाच आहे. तरीही महेश कोठारेंना अर्धे गुण देतो, कारण तात्या विंचू इथल्या मातीत रुजला. रामदास पाध्यांनी त्या बाहुल्याला जी मान आणि जे डोळे दिले, त्यात नक्कल नव्हती.

माझं मत 'बनगरवाडी'ला. व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवर हात टाकायचा म्हणजे जोखीमच. पण अमोल पालेकरांनी माणदेशाला देखणं केलं नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. उजाड माळ उजाडच ठेवला. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते, तिथे दुसऱ्या कुणीही सारंगी वाजवली असती. वाईट सिनेमाचं नाव घेणार नाही. त्या दशकातले बरेचसे मी पाहिलेच नाहीत, आणि न पाहिलेल्याला नावं ठेवण्याइतका मी अजून समीक्षक झालेलो नाही.

रीळपेटी

वडील आमच्या विट्यात (सांगली जिल्हा) थिएटरला ऑपरेटर होते. नव्वदचं सगळं दशक मी प्रोजेक्टरच्या खोलीत आणि तिकीट खिडकीच्या मागं काढलंय. शाळा सुटली की डबा घेऊन तिथं जायचं. त्यामुळं मी हे पिक्चर बघितले ते भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून, आणि पडद्यापेक्षा पब्लिक जास्त बघितलं. ह्या धाग्यात दोन पिक्चरवर अन्याय झालाय आणि ते दोन्ही आमच्याकडं लागले होते, म्हणून लिहितोय. लांबेल.

आधी 'एक होता विदूषक', १९९२. भाच्या, तू झोपलास ह्यात तुझी चूक नाही. तुला जो पिक्चर विकला तो वेगळाच होता. आमच्याकडं त्याचे धड फोटोसुद्धा आले नव्हते. मालकांनी पेंटरला सांगितलं, लक्ष्याचं काढ काहीतरी. पेंटरनं 'धडाकेबाज'चा जुना फोटो समोर ठेवून दात काढून हसणारा लक्ष्या रंगवला, वीस फुटी. खाली एनएफडीसी (सिनेमाला पैसा पुरवणारं सरकारी महामंडळ), जब्बार पटेल, पु. ल. देशपांडे अशी नावं, पण ती इतकी बारीक की एस. टी. स्टँडवरून दिसायचीच नाहीत. शुक्रवारचा पहिला खेळ गच्च भरला. लक्ष्या पडद्यावर आला तशा शिट्ट्या. पुढं दहा मिनिटं लोक हसायच्या तयारीत बसलेले. कुणी नुसता खोकला तरी हसायचे. मग हळूहळू कळायला लागलं की हा तमाशातला सोंगाड्या आहे, पुढं सिनेमात जाणार, राजकारणात वापरला जाणार, आणि आपल्याला आज इथं हसवायचं काम कुणी करणार नाही. इंटरव्हलला दोन पोरं खिडकीवर आली, "पैसे परत द्या, हा लक्ष्याचा पिक्चर न्हाई." बुधवारी पिक्चर उतरला.

वडिलांनी मात्र तो रोज बघितला. ऑपरेटर सहसा पिक्चर बघत नाही. त्याला पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातला ठिपका बघायचा असतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, दुसरा ठिपका आला की इकडचं बंद, तिकडचं चालू. मधल्या वेळात कार्बनच्या कांड्या सरकवायच्या, नाहीतर पडदा पिवळा पडतो. ह्या सगळ्यात गोष्ट कुणाला कळते? पण त्या आठवड्यात वडील झरोक्याला चिकटून असायचे. त्यांना लहानपणापासून तमाशाचा नाद. म्हणायचे, "ह्यो लक्ष्मीकांत सोंगाड्यावानी उभा राहतोय, नटावानी न्हाई." सोंगाड्या उभा राहताना वजन एका पायावर टाकतो, कारण ढोलकी पडली की फिरायचं असतं. मी नंतर पुन्हा बघितला तेव्हा तेच शोधत होतो, आणि ते आहे. ना. धों. महानोरांची गाणी, आनंद मोडकांचं संगीत, 'भरलं आभाळ' आशाबाईंच्या आवाजात. त्या वर्षीचा मराठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. एवढं होऊन लक्ष्याला परत तसं काम कुणी दिलं नाही. कसं देणार? बुधवारी उतरलेल्या पिक्चरचा हिशेब वितरकाच्या वहीत असतो, पुरस्काराचा नसतो. माझं चांगल्याचं मत ह्याला.

आता 'माहेरची साडी'. ताई, तुमचा राग मला समजतो. पण तो पिक्चर टीव्हीवर बघणं वेगळं आणि थिएटरात बघणं वेगळं. गोष्ट काय तर आई बाळंतपणात गेली म्हणून विक्रम गोखले पोरीचं तोंड बघत नाही, आणि सासरी उषा नाडकर्णी. राजस्थानी 'बाई चाली सासरिये'वरून विजय कोंडकेंनी उचललेली, म्हणजे मूळ रडणंसुद्धा आपलं नाही. पण दुपारी बाराचा लेडीज शो लागला की आजूबाजूच्या गावांतून बायका टेंपोनं यायच्या. कडेवर पोरं, पदराला बांधलेले तिकिटाचे पैसे. रडण्याचा आवाज एवढा की झरोक्याच्या काचेतून आत यायचा, डायलॉग बुडायचे. आमच्या कँटीनवाल्याची एकच तक्रार, "बायका इंटरव्हलला बाहेरच येत न्हाईत. वडे कुणाला विकू?" त्या जागेवरच बसून राहायच्या, एकमेकींना आपापल्या सासूचं सांगत. शेजारी कोण बसलीय हे माहीत नसायचं, तरी सांगायच्या. घरात ती गोष्ट काढायची सोय नव्हती. पिक्चर अर्धा पडद्यावर आणि अर्धा खुर्च्यांत चालायचा.

वडिलांनी एक गाणं काढून टाकलं होतं. सेन्सॉरनं नाही, एस. टी.नं. सव्वातीनची गाडी चुकली तर बायकांना पुढची मिळेपर्यंत अंधार पडायचा, आणि मग घरी खरी उषा नाडकर्णी. ब्लेडनं फिल्म खरवडायची, सिमेंट लावायचं, जोड दाबून धरायचा. रात्रीच्या खेळाला परत ते गाणं जोडायचं. एका पिक्चरला इतके जोड मी परत बघितले नाहीत. लेडीज शोला गाणं गेलं म्हणून कुणी विचारलं नाही. रात्री पुरुष यायचे, त्यांना सगळी गाणी लागायची.

मग वाईट कुठला? 'माहेरची साडी'नंतर जी रांग लागली ती. साडी, चोळी, बांगडी, कुंकू, मंगळसूत्र, ह्यातला एक शब्द आणि मागं एक रडकी बाई. अलका कुबल नाही मिळाली तर तिच्यासारखी दिसणारी. त्यात करमणूक कराच्या परताव्याची सरकारी योजना. पुढचा मराठी पिक्चर काढला की मागच्यावर भरलेला कर परत मिळणार. काही जणांनी पुढचा पिक्चर नुसता तेवढ्यासाठी काढला. पंधरा दिवसांत शूटिंग, एकाच बंगल्यात माहेर आणि सासर दोन्ही, फक्त पडदे बदलायचे. हे मी मनचं सांगत नाही. एका पिक्चरमध्ये सासरच्या भिंतीवर माहेरचंच कॅलेंडर होतं, आम्ही पोरांनी झरोक्यातून ओळखलं आणि पैज लावली. त्या पिक्चरला बायका आल्या, बघितलं, आणि एक थेंब न गाळता परत गेल्या. त्यांना खोटं रडणं बरोबर कळायचं. नाव विचारू नका, त्यात काम केलेली माणसं अजून आहेत.

एक मात्र सांगतो. ह्या साड्यांच्या लाटेवर सगळ्यात भारी उत्तर दादा कोंडक्यांनी दिलं, स्वतःच्या पुतण्याच्या पिक्चरला. १९९४ मध्ये पिक्चर काढला आणि नाव ठेवलं 'सासरचं धोतर'.

तिसरी_घंटा

'सासरचं धोतर' मला माहीतच नव्हतं! आता साहेबांना हे सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

पण मूळ मुद्द्यावर मी हटत नाही. बायका एकमेकींशी बोलल्या, मान्य. ते त्यांचं मोठेपण, सिनेमाचं नाही. सिनेमा त्यांना काय सांगत होता? सोस, मग सगळ्यांना तुझी किंमत कळेल. कँटीनवाल्याचे वडे उरले म्हणून दिग्दर्शकाला गुण कसे द्यायचे? त्याच दशकात 'दोघी' आला. तिथेही बाईवर अन्याय आहे, लग्नाच्या दिवशी वरात अपघातात जाते, थोरली अपशकुनी ठरते, तिला मुंबईला पाठवतात आणि पुढे तिचं काय होतं ते सगळ्यांना कळूनही गावात कुणी बोलत नाही. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर प्रेक्षकाला रडायची सूट देत नाहीत, तुम्हीही त्या गप्प बसलेल्या गावातलेच आहात असं वाटायला लावतात. विट्याच्या बायकांनी 'दोघी' बघितला असता तर इंटरव्हलला काय बोलल्या असत्या?

गलाईवाला_कोईमतूर

रीळपेटी, आम्ही पण खानापूर तालुक्यातलेच. आजोबांपासून गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, आधी केरळात आणि आता कोईमतूरला. विटा म्हटल्यावर थांबलो.

आमच्याकडं थिएटरला मराठी पिक्चर कुठला लागायला. सगळं व्हिडिओ कॅसेटवर. दिवाळीला नाहीतर जत्रेला गावी गेलेला माणूस येताना कॅसेट घेऊन यायचा आणि मग ती गलाईवाल्यांच्या घराघरांत फिरायची. 'माहेरची साडी'ची कॅसेट फिरून फिरून इतकी झिजली होती की गाण्यांत नुसत्या रेघा. आमची आई १९९१ लाच लग्न होऊन इकडं आली. भाषा येत नाही, शेजारी तमिळ, दिवसभर दुकानात मूस आणि ॲसिडचा वास, आणि माहेर दोन दिवसांच्या रेल्वेवर. वर्षातून एकदा जायचं. आई त्या पिक्चरमधलं सासूसुनेचं बघायचीच नाही. ती बघायची अंगण, चूल, जात्यावरची ओवी, मराठी बोलणारी माणसं. छळाचा भाग आला की उठून भाकरी टाकायची आणि सासरी निघायचं गाणं आलं की परत येऊन बसायची. वडील चिडवायचे, "तुला मी छळतो का?" ती म्हणायची, "तुम्ही बोलूच नका, रेघा वाढतील."

माझं मत 'वजीर'ला, १९९४. राजकारणावरचा इतका थंड डोक्याचा पिक्चर मराठीत मी दुसरा बघितला नाही. विक्रम गोखले, आणि अशोक सराफ हसवत नाहीत. 'सांज ये गोकुळी'वर इथल्या मराठी मंडळात अजूनही पोरी नाचतात. ते गाणं कुठल्या पिक्चरमधलं विचारलं तर निम्म्यांना सांगता येणार नाही.

वाईट: जे कॅसेटवर अर्धे रेकॉर्ड झालेले असायचे ते सगळे. शेवट अजून माहीत नाही.

तात्या_विंचूचा_भाचा

मी पोस्ट टाकून झोपलो आणि इथे तमाशा, गलाई आणि एस. टी.चं टाइमटेबल आलं. 'विदूषक' परत बघतो. मत बदलणार नाही, पण बघतो. आणि 'अशोक सराफ हसवत नाहीत' हे कौतुक म्हणून लिहिलंय हे बघून मला खरंच काळजी वाटते तुमची.

रीळपेटी

ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर मला ठाऊक नाही असं नाही. 'दोघी' विट्याला आलाच नाही. 'बनगरवाडी' पण नाही, आणि माडगुळं आमच्यापासून दोन तासांवर. ज्या माळावर ती गोष्ट घडते तिथल्या माणसाला तो पिक्चर तिकीट काढून बघायला मिळाला नाही. मी हे दोन्ही पिक्चर दूरदर्शनवर बघितले, वडिलांच्या शेजारी बसून. 'दोघी'तलं 'भुई भेगाळली खोल' लागलं तेव्हा वडील म्हणाले, हे आपल्याकडं लागलं असतं तर बायकांनी ते गाणं उचललं असतं.

मालकांना मी एकदा विचारलं होतं, असले पिक्चर का आणत नाही. म्हणाले, "आणायला कुणी पाठवतं का?" रिळांची पेटी यायची ती वितरकाच्या माणसाबरोबर, आणि तो माणूस घेऊन यायचा ते जिल्ह्यात आधी चाललेलं. न चाललेलं चालवून बघायला ना त्याला पगार होता ना मालकाला हौस. त्यातच १९९४ ला 'हम आपके हैं कौन' आला, तो उतरायलाच तयार नव्हता. मराठीला राहिले ते सकाळचे खेळ आणि जत्रेचा आठवडा. आणि घरोघर केबल. तुमचे साहेब म्हणतात तो मृत्यू म्हणजे हा. पिक्चर निघत होते, चांगलेही निघत होते, ते पुण्या-मुंबईच्या पुढं येत नव्हते.

तुमच्या मुद्द्यातलं एक मान्य करून टाकतो, 'माहेरची साडी'नं बायकांना जे सांगितलं ते वाईटच सांगितलं. माझ्या बहिणीला मी तो दाखवला नसता. पण 'सगळ्यात टुकार' नाही. टुकार म्हणजे ज्यात बनवणाऱ्यानं अंग चोरलं. विजय कोंडकेंनी अंग चोरलं नव्हतं. त्या कॅलेंडरवाल्यांनी चोरलं होतं.

आणि 'बिनधास्त'चं कुणी नाव कसं घेतलं नाही? १९९९, चंद्रकांत कुलकर्णी, पडद्यावर जवळजवळ सगळ्या बायकाच आणि गोष्ट खुनाची. आमच्या मालकांनी पोस्टर बघून विचारलं, "हीरो कुठाय?" तरी लावला, कारण त्या आठवड्याला दुसरं काही नव्हतं. कॉलेजची पोरं आली पोरी बघायला आणि शेवटपर्यंत खुनी कोण ह्यावर पैजा लावत बसली. इंटरव्हलला कँटीनचे वडे संपले. बाराच्या शोला ज्या पोरी आल्या त्यांच्या आया आठ वर्षांपूर्वी त्याच खुर्च्यांत 'माहेरची साडी'ला रडल्या असतील, आणि ह्या शिट्ट्या मारत होत्या. ताई, तुम्ही तिसरं नाव घ्यायला परवानगी दिली असती तर मी हे घेतलं असतं.

गलाईवाले, 'वजीर' आवडणाऱ्यानं 'सरकारनामा'सुद्धा बघावा, १९९८ चा. दिग्दर्शन श्राबणी देवधर यांचं, पडद्यावर यशवंत दत्त, त्यांच्या शेवटच्या कामांपैकी एक, आणि प्रभावळकर. ह्याच देवधरबाईंचा 'लपंडाव' १९९३ चा, तो तद्दन विनोदी. एकाच दशकात एकाच दिग्दर्शिकेनं दोन टोकं गाठली आणि साहेब म्हणतात सिनेमा मेला होता. सोमवारी त्यांना विचारा, ह्यातले किती बघितलेत. दोनापेक्षा कमी सांगितले तर डब्यातली भाजी तुमची.

तिसरी_घंटा

विचारलं. 'लपंडाव' बघितलाय म्हणाले, पण तो ऐंशीच्या दशकातला आहे असं ठासून सांगत होते. भाजी मेथीची होती.